मागं वळून बघणारी पुढारीण

मी बटण बोलतेय. नावावर जाऊ नका. मी कोटाला लावायचं बटण नव्हे, मी कुत्री आहे. तीही ऑगस्टाच्या बर्फावरच्या घसरगाडीची पुढारीण. म्हणजे होते. आता तेरा वर्षांची झालेय. मागचा डावा पाय धड टेकत नाही, आणि दातांचं म्हणाल तर मोजायला फार वेळ लागणार नाही.

माझा जन्म पार उत्तरेकडच्या यूकॉन नदीकाठच्या टोलाकाट गावातला. आम्ही सहा भावंडं जन्मलो त्या दिवशी ऑगस्टा दारात बसून मूस हरणाच्या कातड्याचे बूट शिवत होती. सुई खाली ठेवायची, एक ओलं पिल्लू पुसायची, पुन्हा सुई उचलायची. त्यामुळे नावं शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. कात्री, रीळ, दोरा, चिंधी, दाभण, आणि सगळ्यांत शेवटची मी.

तिचे वडील सिमियन मला तळहातावर घेऊन म्हणाले, "ही काही जगायची नाही, पोरी. बटणाएवढी तर आहे."

"मग बटणच म्हणू," ऑगस्टा म्हणाली. "आणि बाबा, बटण तुटलं की अख्खा कोट उघडा पडतो, हे विसरू नका."

ऑगस्टाला नवरा होता एकदा. तो काही कामासाठी शहरात गेला आणि तिकडचाच झाला. तिनं त्याची फार वाट बघितली नाही, कारण घरी अठरा कुत्री होती आणि अठरा कुत्र्यांना रोज जेवायला लागतं. उन्हाळाभर ती नदीत जाळी टाकायची, सॅमन मासे चिरून वाळत घालायची, धुरावर धरायची. हिवाळाभर आम्ही ते खायचो आणि तिला ओढायचो. असा आमचा साधा व्यवहार होता.

आता तिच्या आवाजाबद्दल सांगते, कारण पुढची सगळी कथा त्याच्यावरच आहे. बैलाला वेसण असते, घोड्याला लगाम असतो. आम्हाला तसलं काही नाही. बारा कुत्री एका लांब दोराला जोडीजोडीनं जुंपलेली, आणि गाडीवर उभं असलेलं माणूस पार मागं. त्यानं 'जी' म्हटलं की पुढारी उजवीकडे वळणार, 'हॉ' म्हटलं की डावीकडे. बाकीचे मग आपोआप वळतात. म्हणजे माणसाच्या हातात असतो तो फक्त आवाज. आणि ऑगस्टाचा आवाज असा, की नदीच्या पैलतीरावर मासे धरत बसलेल्या माणसाला ती अलीकडून चहाला बोलवायची, आणि तो यायचा.

तीन वर्षांची असताना मला पुढं जुंपलं. आम्ही जवळपासच्या लहानसहान शर्यती जिंकल्या. मार्च महिन्यात नदीवरून चारशे मैलांची मोठी शर्यत होते, तिच्यात एकदा पाचवे आलो. ऑगस्टाच्या मनात त्याहून वरचा नंबर होता, पण तसं ती कधी बोलली नाही. आमच्याकडे जनावरांसमोर फुशारकी मारत नाहीत. जनावरं ऐकतात, आणि मग मुद्दाम उलटं करतात, असं जुनी माणसं सांगतात. खोटं आहे असं मी म्हणणार नाही.

मी सहा वर्षांची असताना, मासे धुरावर धरायच्या दिवसांत, तिचा घसा बसला.

"धूर लागलाय," ती म्हणाली.

"चहात चरबी घालून पी," सिमियन म्हणाले.

कुत्र्यांना आजाराचा वास येतो म्हणतात. माझ्याकडे अनेकांनी तसं विचारल्यासारखं बघितलंही आहे. खरं सांगते, मला नाही आला. मला तिच्या हातमोज्यांना लागलेल्या माशाचा वास येत होता, आणि त्या वासानं माझी बुद्धी नेहमीच झाकून जाते.

महिना झाला, घसा सुटेना. जेवताना ठसका लागायला लागला. गावातल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घशात बघितलं आणि दुसऱ्याच दिवशीच्या लहान विमानात तिला बसवून दिलं. शहरात डॉक्टरांनी तपासलं. स्वरयंत्राला कर्करोग झाला होता. वाढलेला होता.

ती गेली ती गेलीच. पानं गळाली, नदीवर बर्फाचे तुकडे वाहायला लागले, तरी आली नाही. आम्हाला जेवण घालायला सिमियन यायचे. त्यांचे गुडघे दुखायचे, बादली अर्धी सांडायची. पण ते आमच्याशी बोलत बसायचे, म्हणून मला सगळं कळत गेलं. डॉक्टरांनी अर्धं स्वरयंत्र कापून काढलं होतं. श्वास घ्यायला गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. नळी पुढं निघाली, भोक भरलं, की मग सात आठवडे किरणांनी घसा भाजायचा होता. जगेल की नाही हे कुणी धड सांगत नव्हतं.

नदी गोठायच्या आत खालच्या गावचा एल्मर होडी घेऊन आला. एल्मर शर्यतीतला आमचा जुना प्रतिस्पर्धी. काठावर उभा राहून तो सिमियनना म्हणाला, "काका, अठरा कुत्री तुमच्यानं होणार नाहीत. ती बरी होऊन येईपर्यंत काही माझ्याकडे असू देत."

सिमियन दवाखान्यातल्या फोनवर गेले. ऑगस्टाला बोलता येत नव्हतं, म्हणून ते तिला म्हणाले, "हो असेल तर एकदा टिचकी मार, नाही असेल तर दोनदा. काही कुत्री एल्मरला देऊ?"

बऱ्याच वेळानं एक टिचकी आली.

"बटणला?"

"पोरींनो," सिमियन आम्हाला सांगत होते, आणि सांगताना त्यांना हसूही येत होतं नि ते डोळेही पुसत होते, "टकटक, टकटक, टकटक. फोन फोडते की काय असं वाटलं मला."

सात कुत्री होडीत बसून गेली. त्यात माझी बहीण कात्री होती. ती होडीच्या कडेवर पाय टेकवून वळणापर्यंत माझ्याकडे बघत होती.

ऑगस्टा परत आली तेव्हा फेब्रुवारी निम्मा झाला होता. विमानातून एक वाळलेली बाई उतरली. तिच्या कपड्यांना औषधांचा वास. आम्ही परक्यावर भुंकतो तसे भुंकलो. ती जवळ आली, गुडघ्यांवर बसली, तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. सुकं गवत घासल्यासारखी. मी तिच्याभोवती फिरून तिच्या पाठीमागं जाऊन बघितलं, आवाज मागून येतोय की काय म्हणून. तेव्हा तिनं मला धरलं, आणि माझ्या मानेत तोंड खुपसून ती कितीतरी वेळ तशीच बसली. त्या वेळी मात्र मला माशाबिशाचा वास आला नाही.

डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं, की थंड हवेत श्वास घ्यायचा नाही. सिमियननी तो कागद दोनदा वाचला. बाहेर उणे चाळीस होतं.

"म्हणजे एप्रिलपर्यंत श्वासच घ्यायचा नाही का?" ते म्हणाले.

ऑगस्टा हसली. आवाज नव्हता, पण खांदे हलले. ती बरी होणार असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

उन्हाळाभर ती माशांचं पातळ कालवण पिऊन राहिली. सुकं काही गिळता येत नव्हतं. हळूहळू घागर उचलायला लागली, लाकडं फोडायला लागली. पुढच्या हिवाळ्यात पहिला बर्फ टिकला आणि तिनं आमचे पट्टे भिंतीवरून काढले. सिमियन दाराशी येऊन उभे राहिले.

ती मागून काहीतरी कुजबुजायची, मला काही ऐकू यायचं नाही. वळण आलं की ती गाडीचा लोखंडी आकडा बर्फात रोवायची, धावत पुढं यायची, गळ्याला धरून मला वळवायची, पुन्हा मागं धावायची. चार वळणांत ती धापा टाकायची. तिची दया येण्याऐवजी मला कंटाळा यायचा, हे कबूल करते. पुढारी कुत्रीला सतत थांबवलं की तिच्या पायांना मुंग्या येतात.

आणि एक दिवस गाडी बर्फाच्या उंचवट्यावर आपटली, ऑगस्टा पडली. पूर्वी असं झालं की ती 'थांब!' म्हणून ओरडायची, आणि अख्खं रान थांबायचं. या वेळी काहीच ऐकू आलं नाही. उलट गाडी हलकी झाली. मला वाटलं, वा, आज पायांत काय जोर आलाय! मी वेग वाढवला. चार मैल आम्ही असे उधळत घरी आलो.

सिमियननी रिकामी गाडी बघितली, आणि त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते बर्फावरच्या मोटारीवर बसून सुसाट गेले. ऑगस्टा वाटेवर चालत येत होती, स्कार्फ तोंडाशी धरून. घरी आल्यावर ते माझ्यावर कडाडले, "पुढारीण म्हणे! पळपुटी आहेस तू, पळपुटी!"

ऑगस्टा मला रागावली नाही. तिला येतच नव्हतं रागावता. मार खाल्ला असता तर मी विसरून गेले असते.

त्या संध्याकाळी सिमियनच म्हणाले, "फोनवर टिचक्या मारत होतीस ना? मग गाडीवर मार. एकदा ठोकलं की उजवीकडे, दोनदा ठोकलं की डावीकडे."

ठोकायला काय घ्यायचं? हाताशी आमच्या जेवणाचा पळा होता आणि पातेल्याचं झाकण होतं. दुसऱ्या दिवशी पहिलं वळण आलं आणि ऑगस्टानं झाकणावर पळा हाणला. टण्ण! आता तुम्हीच सांगा, जन्मापासून तो आवाज ऐकला की आमच्यापुढं जेवण आलंय. अकराच्या अकरा कुत्री जागच्या जागी उलटी फिरली आणि दोरांचा गुंता करून, शेपट्या हलवत, लाळ गाळत तिच्यापुढं येऊन बसली. सिमियन हसता हसता बर्फातच बसले.

"पोरी," ते म्हणाले, "मुक्कामाला पोचल्यावर हीच खूण ठेव!"

मग पळा घरी ठेवला आणि कुऱ्हाडीचा जुना दांडा घेतला. गाडीच्या लाकडी दांडीवर ठक. ठक ठक. दोन आठवड्यांत मी शिकले. पण वारा सुटला की ठकठक विरून जायची. तेव्हा मी एक गोष्ट केली जी पुढारी कुत्रीनं कधी करायची नसते. वाटेला फाटा फुटला की मान वळवून मागं बघायला लागले. पुढारीनं मागं बघितलं की मागच्यांचा धीर सुटतो, असं सगळे सांगतात. पण मी बघितलं, तेव्हा ऑगस्टाचा उजवा हात वर होता. मी उजवीकडे वळले. पुढच्या फाट्याला पुन्हा बघितलं, डावा हात वर. तिच्या स्कार्फवरचे डोळे असे चमकले, की मला आणखी कुणाचं ऐकायची गरज उरली नाही.

त्याच्या पुढच्या मार्चमध्ये आम्ही मोठ्या शर्यतीला उभे राहिलो. एकोणीस गाड्या. एल्मरच्या गाडीला कात्री जुंपलेली होती. ऑगस्टानंच अजून ती सात कुत्री परत घेतली नव्हती. 'पोटभर घालायची ताकद आली की मागेन,' असं तिनं त्याला लिहून दिलं होतं. उरलेल्या अकरात रीळची एक पोरगी घालून आम्ही बारा झालो होतो.

एल्मर आमच्याजवळ येऊन म्हणाला, "ऑगस्टाताई, तुझी पुढारीण म्हणे सारखी मागं बघते? आमची म्हातारीही तशीच चालते, कुणी बोलावतंय का म्हणून."

ऑगस्टानं वहीत लिहून त्याला दाखवलं. त्यानं मोठ्यानं वाचलं, "'या वेळी तिला मागं तूच दिसशील.'" आणि आजूबाजूची माणसं खो खो हसली. जनावरांसमोर फुशारकी बोलायची नसते, पण लिहिलेली चालत असावी.

पहिले दोन दिवस आम्ही जपून धावलो. ऑगस्टानं तोंडावर लोकरीचा स्कार्फ, त्यावर बीव्हरच्या कातडीची पट्टी बांधली होती. थांब्यावर आम्ही मासा खायचो आणि ती थर्मासमधलं मूसचं कालवण प्यायची. तळाशी उरलेलं माझ्या ताटलीत ओतायची. दुसऱ्या थांब्यावर मात्र तिला खोकला सुटला. थांबेना. शर्यतीचा अधिकारी आला आणि म्हणाला, "बाई, बस करा आता. तुमचं काही बरंवाईट झालं तर?"

आमचे पाय तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई, ग्रेटा त्यांचं नाव, शेजारीच होत्या. त्यांनी विचारलं, "कुत्री ठणठणीत आहेत. मालकिणीला तपासू का?"

"तुम्ही जनावरांच्या डॉक्टर!" अधिकारी म्हणाला.

"मग इथं माणसांचा डॉक्टर दाखवा, मी बाजूला होते."

तसा कुणी नव्हता. ग्रेटाबाईंनी माझ्या छातीवरची ऐकायची नळी उचलून ऑगस्टाच्या पाठीला लावली. बराच वेळ ऐकलं. घशात बॅटरी मारून बघितलं. ऑगस्टानं वहीत दोन शब्द लिहिले: पास का?

"फुप्फुसं स्वच्छ आहेत. घसा कोरडा पडलाय, म्हणून खोकला," त्या म्हणाल्या. "कुत्री असतीस तर मी जाऊ दिलं असतं. चार तास इथं गरम वाफ घे. मग पुन्हा ऐकते, आणि मगच सही करते."

चार तासांनी त्यांनी पुन्हा ऐकलं, आणि सही केली. त्या बाईंना मी नंतर कधी बघितलं नाही. पण मी ज्यांचे आभार मानायचे राहिलेत, त्या माणसांत त्यांचा नंबर वरचा आहे.

चौथ्या दिवशी दुपारी नदीवर वारा सुटला. बर्फ जमिनीलगत असा वाहत होता की मला माझे पुढचे पाय दिसत नव्हते. पाण्यातून वाहून आलेला एक ओंडका बर्फात अर्धा गाडलेला होता. आम्ही बाजूनं निघालो, गाडी त्याच्यावर चढली, दोराला हिसका बसला. पुढं फाटा आला. एक वाट बेटाच्या उजवीकडून, एक डावीकडून. मी मान वळवली.

हात नव्हता. वाऱ्यामुळे दिसत नसेल म्हणून पुन्हा बघितलं. गाडीच्या दांडीमागं कुणीच नव्हतं.

मी खाली बसले.

धावत्या दोरात पुढारी बसली की काय होतं ते बघितलं नसेल तर सांगते. मागचे सगळे अंगावर येतात. चिंधी माझ्यावर आपटली, रीळ दोरात पाय अडकून केकाटली, दाभणनं माझा कान धरला. त्यांचं चुकत नव्हतं, कारण त्यांना पळायचं होतं. माझेही पाय ओढत होते. पण मी पोट बर्फाला लावलं आणि नखं रोवली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बर्फ माझ्या पाठीवर साचला. चुकून मी एकदा उठले असते तर ते सगळे मला घेऊनच गेले असते.

मग मागून कुत्र्यांच्या धापा ऐकू आल्या. एल्मरची गाडी. आणि तिच्यात, पिशव्यांवर पाय पोटाशी घेऊन बसलेली ऑगस्टा. तो म्हणत होता, "मैलभर चालत होतीस वेडे, आणि तुझी कुत्री कधीच घरी पोचली असतील... अरे!"

त्यानं आम्हाला बघितलं आणि गाडीचा आकडा बर्फात रोवला.

ऑगस्टा उतरली. गुंत्यातून वाट काढत माझ्यापाशी आली, माझ्या डोळ्यांवरचा बर्फ हातमोज्यानं पुसला आणि तिनं तोंड उघडलं. हवाच बाहेर आली, पण या वेळी तिला आकार होता. अगदी बारीक, फाटका, पण माझंच नाव होतं ते. "बटण."

एल्मरनं तिला दोर सोडवायला मदत केली. झाल्यावर म्हणाला, "आता मात्र मी थांबायचा नाही हं. इथून पुढं तू तुझी, मी माझा."

आणि तो खरंच थांबला नाही. साठ मैल आम्ही एकमेकांना दम खाऊ दिला नाही. शेवटी त्याच्यापेक्षा अकरा मिनिटं आधी आम्ही पोचलो. तिसरे. तो चौथा. एल्मरनं गाडी उभी केली, घाम पुसला, आणि कात्रीला सोडून तिला आमच्या दोराला आणून बांधलं. मग एकेक करून बाकीची सहा. "घे," तो म्हणाला. "तुझीच होती. आता मागायची वाट बघू नकोस." ऑगस्टानं वही काढली, पुन्हा खिशात घातली. त्याचे दोन्ही हात धरून उभी राहिली. कात्री माझ्या तोंडाला नाक लावून हुंगत होती. दोन वर्षं दुसऱ्याचं खाऊनही तिच्या अंगाला आमच्याच घराचा वास येत होता.

पुढच्या वर्षी माझा पाय दुखायला लागला आणि मला पुढून काढलं. माझी पोरगी टाचणी पुढारीण झाली. आणखी एका वर्षानं ऑगस्टानं मोठी शर्यत जिंकली, तेव्हा मी तिथं नव्हतेच. मी घरी चुलीपाशी होते. सिमियननी रेडिओ लावला होता. बातमी सांगणाऱ्यानं तिला विचारलं, कसं वाटतंय, आणि तिचा तो घोगरा आवाज आला, "कुत्र्यांना पाणी द्यायचंय. नंतर बोलते." मी ताडकन उठले. सिमियन मात्र पुढचा तासभर त्याच पाच शब्दांवर हसत होते, आणि भिजवलेला मासा माझ्या ताटलीत घालत होते. दोनदा घातला, विसरून.

मला वाईट वाटलं का, की जिंकताना मी नव्हते? नाही. टाचणी पळते ती माझ्याकडूनच शिकली. आणि मला जे मिळायचं होतं ते त्या ओंडक्यापाशी मिळालं.

सिमियन गेल्या थंडीत गेले, शांतपणे, झोपेत. ऑगस्टाची दर वर्षी शहरात तपासणी होते. सहाव्या वर्षीही काही निघालं नाही. आता ती पोरांना गाडी हाकायला शिकवते, आणि जास्त बोलत नाही, त्यामुळे पोरं नीट ऐकतात. मला कुणाकडे काही मागायचं नाही. बटणाएवढं पिल्लू जगायचं नाही म्हणाले होते, त्याला तेरा हिवाळे मिळाले. यातले निम्मे एका अशा माणसाबरोबर, ज्याच्यापाशी फक्त हवा उरली होती आणि ज्यानं तीही माझं नाव घ्यायला वापरली.

बाहेर कुत्री ओरडायला लागलीत. म्हणजे तिची गाडी वळणावर आली. दारापर्यंत जायला मला आता बराच वेळ लागतो, म्हणून मी आत्तापासूनच उठायला लागते. या तुम्ही.